स्रोताचे नाव : धनसिंग

तांडा, फुलसावंगीजवळ
४ फेब्रुवारी २०२५

पुष्पा,

पत्र लिहितोय म्हणून हसू नको. तुझ्या बापूंनी तुझा मोबाईल पाट्यावर ठेवून वरवंट्याने वाटला, त्याला मी काय करू? 'जेवलीस का' एवढाच माझा मेसेज होता. एवढ्यावर मोबाईलची चटणी! तर आता तनवीर. तो रोज टेम्पो घेऊन पुसदहून लोहाऱ्याच्या एमआयडीसीत येतो, तिथून तुमचा दवाखाना लांब नाही. माझं पत्र तो आणेल, तुझं तो नेईल. तो वाचतो. वाच रे तनवीर, पण पुढे सांगू नको.

तांड्यावर एकच चर्चा चालू आहे. तुझ्या बापूंचं, धनसिंगकाकांचं, लिव्हर गेलं म्हणजे काका चोरून पीत होते. ज्या माणसाने वीस वर्षं दुसऱ्यांच्या बाटल्या फोडल्या, त्याच्याबद्दल हे! अमर म्हणाला, "फोडाच्या आधी हुंगत असन ना बे." मी त्याच्या कानाखाली दिली. त्यानेही दिली. माझा डावा कान अजून वाजून राह्यला. हे बापूंच्या कानावर घाल. सहज बोलल्यासारखं घाल.

दुसरं म्हणजे, तुझी आई, जमनीकाकी, सांगत होती की डॉक्टर म्हणाले, पोटातल्या पाण्यात जंत झाले. यात रडण्यासारखं काय आहे? जंत सगळ्यांनाच होतात. मी फार्मसीचं सव्वा वर्ष केलं आहे, मला थोडंफार कळतं. कॉलेज मी अभ्यासाला घाबरून सोडलं नाही, हे तुला ठाऊक आहे. सरांनी माझ्या प्रयोगवहीतल्या तुझ्यावरच्या चार ओळी वर्गात मोठ्याने वाचल्या, वर शुद्धलेखनाच्या चुका काढल्या. मी वही ओढली, पान फाटलं, टेबलावरच्या सहा काचनळ्या फुटल्या आणि मी निघून आलो.

सोबत वावडिंगाची पुडी आहे. गुळातून, उपाशीपोटी, तीन दिवस. जंत पडले की कळव.

तुझा (हे मुद्दाम ठेवलं आहे)
लखन


यवतमाळ, दवाखाना
६ फेब्रुवारी

लखन,

जंत नाही. जंतू. तू लिहिताना एक उकार खाल्ला. तुझं शुद्धलेखन काढलं ते सरांनी बरं केलं.

आता नीट वाच, दोनदा सांगणार नाही. इथल्या डॉक्टरीणबाई नुजहत मॅडम, तिशीतल्या असतील, त्यांनी मले कागदावर चित्र काढून दाखवलं. बापूचं लिव्हर वाळून दगड झालं आहे. दारूनं नाही. कधीतरी बी नावाची कावीळ झाली, ती कळलीच नाही, आतल्या आत दबून राह्यली. लिव्हर दगड झालं की त्यातून रक्ताले वाट मिळत नाही, मग पोटात पाणी पाझरते. आणि जे जंतू आपल्या सगळ्यांच्या आतड्यात गुमान राहतात, ते भिंत ओलांडून त्या पाण्यात येतात. कुठं भोक नाही, जखम नाही. आपोआप. साचलेलं पाणी आणि अंगात ताकद नाही, मग ते वाढतात. ताप येतो, पोट दुखते, डोकं भरकटते. मॅडम सरळ म्हणाल्या, उशीर झाला तर माणूस जातो.

काल सुईनं पाच लिटर पाणी काढलं. मॅडमले जंतूंचा संशय होताच, त्यात तो पक्का झाला. लगेच शिरेतून औषध चालू केलं. शुक्रवारी परत थोडं पाणी काढून पाहणार.

बापूचं एकच चाललं आहे. "मी जन्मात दारू प्यालो नाही, तसं मले लेखी द्या." मॅडम म्हणाल्या, "काका, आधी वाचा, मग लेखी देते." तर बापू म्हणे, "आणा मग. पुष्पे, माहा चष्मा कुठं हाय?"

वावडिंग मी शेजारच्या खिडकीतल्या मुंग्यांना टाकलं. त्यांनीही खाल्लं नाही.

तू इकडं येऊ नको.

पुष्पा


तांडा
८ फेब्रुवारी

पुष्पा,

येऊ नको म्हणालीस म्हणून आलो.

काल तू औषधाच्या रांगेत होतीस. मी खाटेजवळ उभा राहिलो. काकांनी डोळे उघडले, माझ्याकडे नीट पाहिलं आणि शिवी दिली नाही. तेव्हाच मी समजलो की तब्येत गंभीर आहे.

तेवढ्यात सिस्टर आल्या, हातात बाटली. "धनसिंगचे नातेवाईक कोण आहे?" मी छाती पुढे काढून म्हणालो, "मी." "हे पोटातलं पाणी. तपासायला द्या, आत्ताच्या आत्ता." पुष्पा, तुझ्या वडिलांचं पाणी माझ्या हातात! गढूळ, पिवळसर, अजून कोमट होतं. मी ती बाटली बाळासारखी धरली.

खिडकीवरचा माणूस म्हणतो, "स्टिकर लावून आणा." मी म्हटलं, "माणूस मरून राह्यला अन् तुले स्टिकर पाह्यजे?" तो म्हणे, "स्टिकरबिगर कोणाचं पाणी ते मले कसं समजन?" मी म्हटलं, "मी सांगून राह्यलो ना कोणाचं!" तो म्हणे, "पुढचे." मग मात्र माझं टाळकं सरकलं. माझा राग पायात जातो, तुला माहीत आहे. बाटली छातीशी धरून जो चालत सुटलो तो कुठल्या कुठे. आणि समोर पाटी! 'येथे पाण्याची तपासणी करून मिळेल.' सरकारी जागा, झाडलेली फरशी, रांग नाही. आतल्या साहेबांनी मला खुर्ची दिली. आयुष्यात पहिल्यांदा सरकारी खुर्चीवर बसलो.

साहेबांनी फॉर्म काढला. "गाव?"

"फुलसावंगीचा तांडा."

"स्रोताचं नाव?"

मला वाटलं, सरकारी भाषेत पेशंटला स्रोत म्हणत असतील. "धनसिंग राठोड."

"प्रकार? विहीर, बोअर, हातपंप?"

"ह्यातलं काहीच नाही."

त्यांनी 'इतर' लिहिलं. "खाजगी की सार्वजनिक?"

"खाजगी!" हे जरा जोरातच बोललो.

"खोली?"

"उभे राह्यले तर साडेपाच फूट."

"उथळ आहे."

मला ते लागलं, पण तुझ्यासाठी गिळलं.

"किती जुना?"

"सत्तावन्न वर्षं."

"अलीकडे उपसा केला?"

"बुधवारी. पाच लिटर."

"पाचच? पुन्हा भरतो का?"

"चार-आठ दिवसांत भरते म्हणतात."

"मग झरा चांगला आहे," साहेब म्हणाले. किती धीर आला मला! "झाकण आहे?"

"चादर असते."

"चादर काय कामाची? लोखंडी बसवा. परिसरात घाण?"

मी सांगितलं की शेजारचा एक जण खर्रा खाऊन तिथेच थुंकतो. साहेबांनी मान हलवली. "असे लोक प्रत्येक गावात आहेत."

पावती दिली. रिपोर्ट थेट आपल्या ग्रामपंचायतीत येणार, घरपोच. दवाखान्यातल्या त्या खिडकीवाल्याला सांग, असं असतं काम.

तुझा
लखन


यवतमाळ
९ फेब्रुवारी, रविवार

लखन,

आज तनवीर येत नाही, पत्र उद्या जाईल. पण बसवत नाही म्हणून लिहून ठेवते.

बापूचा ताप उतरत नाही. शुक्रवारच्या पाण्याचा रिपोर्ट मॅडमनं दोनदा मागवला. लॅबवाले म्हणतात, बाटलीच पोचली नाही. सिस्टर म्हणाल्या, "एक पोट्टा घेऊन गेला. छाती काढून चालते, तो." मी समजली. कुठं दिली तू बाटली?

मॅडम रोज सकाळी बापूले इचारतात, डोकं ठिकाणावर आहे का ते पाहायले. "काका, आज वार कोणता?" बापू म्हणे बुधवार. "गाव कोणतं?" बापू म्हणे वाशीम. मग मॅडमनं सहज इचारलं, "काका, परवा पाण्याची बाटली कोण घेऊन गेलं?"

बापू म्हणे, "माहा जावई."

मॅडमनं माझ्याकडं पाहिलं. गळ्याकडं पाहिलं. "तुझं लग्न झालं?"

"नाही जी."

"मोठी बहीण?"

"एकटीच हाय मी."

मॅडमनं फाइलीत लिहिलं, 'भ्रम वाढला.'

सोमवार, सकाळ.

तुझं पत्र आत्ता तनवीरनं आणून दिलं. देताना तो माझ्याकडं पाहत नव्हता.

साडेपाच फूट? झरा चांगला? लखन, तू माझ्या बापाले विहीर म्हणून देऊन आला.

मॅडमले पत्र वाचून दाखवावं लागलं. जिथं जिथं तू माझं नाव घेतलं, ते गाळलं. मॅडम स्टुलावर बसल्या अन् तोंडावर रुमाल धरला. हसत होत्या का रडत होत्या, कळलं नाही. मग उठल्या, बापूच्या पोटातून नवीन पाणी काढलं, स्टिकर स्वतः चिकटवला, स्वतः नेऊन दिलं. औषधही बदललं, रिपोर्टची वाट न पाहता. मले म्हणाल्या, "तीन दिवस गेले."

तीन दिवस, लखन. बापूले काही झालं तर मी तुले ह्या जन्मात पत्र लिहिणार नाही.

आणि माझा बाप उथळ नाही.

पुष्पा


तांडा
१२ फेब्रुवारी

पुष्पा,

तुझं पत्र आणि देवसिंग, दोघं एकाच वेळी आले.

देवसिंग म्हणजे ग्रामपंचायतीचा पाणीवाला, टाकीत पावडर टाकतो तो. मी तुमच्या अंगणात जमनीकाकीला तुरी पाखडू लागत होतो. हा सायकलवरून उतरला. एका हातात ब्लीचिंग पावडरची पिशवी, दुसऱ्यात लाल रंगाचा डबा आणि ब्रश.

"काकी, धनसिंग कुठं हाय?"

"यवतमाळले. दवाखान्यात."

"मालक नाही वं. स्रोत. लाल कार्ड आलं. पावडर टाकाची हाय, अन् लाल खूण माराची हाय."

"कोणाले?"

"धनसिंगले."

काकीने सूप खाली ठेवलं. "माह्या नवऱ्यात पावडर टाकतं?"

"मले लेखी हाय ना पण!" देवसिंगने कागद काढला. पुष्पा, मी तो कागद वाचला. स्रोत, धनसिंग राठोड, इतर. गढूळपणा जास्त. ई-कोलाय जंतू आढळले. निष्कर्ष, पिण्यास अयोग्य. शुद्धीकरण होईपर्यंत वापर बंद ठेवावा.

मग तुझं पत्र उघडलं. मग मी तुरीच्या ढिगावर बसलो.

देवसिंग हटेना. खूण मारल्याशिवाय त्याच्या वहीवर सही होत नाही. काकीने सुपाने दोन दिल्या, तरी जाताना त्याने काकांच्या बाजेच्या पायाला लाल पट्टा मारलाच. "स्रोत आला की कळवजा," म्हणाला.

मी तनवीरला फोन केला, तो लोहाऱ्याला होता. त्याला म्हटलं, टेम्पो तसाच सोड, वॉर्डात जा आणि मॅडमला सांग, ई-कोलाय. त्याने तीनदा घोकून घेतलं. कार्ड सोबत पाठवतो.

मी येत नाही. तोंड कोणतं घेऊन येऊ? ते तीन दिवस मी खुर्चीवर बसल्याच्या आनंदात होतो.

लखन


यवतमाळ
१४ फेब्रुवारी

लखन,

आज चौदा तारीख आहे. तू काय समजशील ते मले माहीत आहे. हे तसलं पत्र नाही.

ताप उतरला. काल सकाळपासून नाही. मॅडमनं पुन्हा सुई घालून थोडंसं पाणी पाहिलं, आता ते बरंच निवळलं. दवाखान्याचा रिपोर्टही आला. त्यातही जंतू तोच, ई-कोलाय, आणि त्याले कोणतं औषध चालते तेही लिहिलेलं. मॅडमनं बदललेलं औषध बरोबर निघालं. तुझं लाल कार्ड त्यांनी पाहिलं अन् म्हणाल्या, "जंतू बरोबर सांगितला, उपाय चुकला." ते कार्ड त्यांनी फाइलीले टाचून ठेवलं. तू यात शहाणपण समजू नको.

बापू उठून बसतो. वार बरोबर सांगतो, गाव बरोबर सांगतो. हात पुढं धरले तर आता थरथरत नाही. अळणी वरणाले शिव्या देतो. मॅडम म्हणतात, सगळं छान. फक्त एक अडलं.

"काका, बाटली कोणी नेली?"

"जावयानं."

रोज. न चुकता. मॅडमनं डोक्याचा फोटो काढायले लिहिलं आहे. म्हणाल्या, "एवढी एक गोष्ट सुधारली की घरी सोडते."

पुष्पा


तांडा
१६ फेब्रुवारी

पुष्पा,

काल सेवालाल जयंती होती. तांड्यावर भोग लावला, सगळे हात जोडून उभे. मीही उभा राहिलो आणि मला काही मागता येईना.

काका बरे होऊ दे म्हणावं, तर बरे झाले की ते मला पूर्वीसारखं लोफर म्हणणार. त्यांनी मला जावईच म्हणत राहावं, असं मागावं, तर ते दवाखान्यातच राहणार आणि त्यांच्या डोक्याचे फोटो निघत राहणार. एवढी वाईट अडचण कोणत्या प्रेमात आलेली मी ऐकली नाही. माझ्या मागे अमर उभा होता. तो म्हणाला, "काय मागतं एवढं? लवकर माग ना, शिरा थंडा होऊन राह्यला."

मी डोळे मिटून मागितलं. काय मागितलं ते उद्या तुला दिसेल. उद्या मी येतोय. येऊ नको म्हणू नको, पत्र पोचेपर्यंत मी पोचलेला असेन.

लखन


यवतमाळ
१९ फेब्रुवारी

लखन,

मी धनसिंग लिवतो. हात कापत नाही, डॉक्टरीणबाईनं तपासला. पुष्पीनं तुही पत्रं उशीखाली ठेवली होती, अन् उशी माही होती. चष्मा सापडला. सगळी वाचली.

सोमवारी तू माह्या खाटेपाशी आला अन् सगळ्या वॉर्डात वरडला, "मॅडम, मी यांचा जावई नाही! मी लोफर हाय! कालेज सोडलेला हाय! काका, म्हना ना मले लोफर, एकडाव म्हना!" अन् लहान पोट्ट्यावानी रडला. शेजारच्या खाटेवरचा खर्रा थुकाचा थांबला. डॉक्टरीणबाई मले म्हने, "पाहा काका, तोच सांगून राह्यला. आता बोला, हा कोण?"

आता माहं आयक. त्या शुक्रवारी तापात तू दिसला, अन् मंग डॉक्टरीणबाईनं इचारलं तवा माह्या तोंडून जावई निंगालं. काहून निंगालं, मले ठावं नाही. तुह्यात तसं काही दिसत नाही. पन निंगालं ते निंगालं, अन् फाइलीत चढलं. आता मी ते फिरवलं तर लोक काय म्हनतीन? धनसिंग भरमिष्ट झालता, काईबी बडबडे. अन् जो काईबी बडबडते, तो दारू प्यालो नाही म्हनते तेबी बडबडच असन. वीस वर्षं मी एक गोष्ट खरी सांगून राह्यलो, ते कोनी मानली नाही. आता दुसरी मी कोनाले खोटी पाडू देनार नाही. तुलेबी नाही.

म्हून मी डॉक्टरीणबाईले सांगतलं, "जावईच." ते म्हने, "मंग सुट्टी नाही."

तवा हे खरं कराचं हाय. तांड्याच्या नायकाले सांग, शनवारी चार मानसं अन् गूळ घेऊन इकडं या. इथंच वऱ्हांड्यात गूळ खाऊ, सगाई पक्की करू. पुष्पीले मी इचारलं. ते म्हने, "तुमची सुट्टी होत असन तर हो." अन् तोंड फिरवून हसत होती, ते मले औषधाच्या बाटलीत दिसलं.

तुले दोन कामं. त्या खिडकीवाल्याची माफी माग. स्टिकर लावून आन म्हने, एवढंच तं म्हने बिचारा. अन् सराकडे जाऊन ते फाटलेलं पान चिकटव, कालेजात बस. घरात एकानं तरी जंत अन् जंतू वेगळे वळखले पाह्यजे.

शनवारी तू येऊ नको. तू आला की काहीतरी उचलून पळतं.

धनसिंग


यवतमाळ
२२ फेब्रुवारी

लखन,

झालं.

नायक आले, अमरचा बाप आला, तुझे बाबा आले आणि चौथा म्हणून देवसिंग आला. सिस्टरनं वऱ्हांड्यात दोन बाकं लावून दिली. बापूनं गुळाचा खडा नायकाच्या तोंडात घातला, नायकानं बापूच्या. मॅडमले इचारून घातला, गूळ चालते म्हणाल्या, मीठ नाही. अमरच्या बापानं गूळ खाताना खाली मान घातली अन् म्हणे, "धनसिंगभाऊ, आमचं तोंड सैल आहे." बापू म्हणे, "गूळ खा, चिकटन."

खिडकीवाला पण आला होता. तू काल त्याच्याकडं माफी मागायले गेला अन् रांग मोडली, असं सांगत होता. तरी गूळ खाल्ला.

मग मॅडम फाइल घेऊन आल्या. बाकासमोर उभ्या राहून इचारलं, "काका, वार?"

"शनवार."

"गाव?"

"यवतमाळ."

"बाटली कोणी नेली?"

बापूनं माझ्याकडं पाहिलं. नायकाकडं पाहिलं. "माह्या जावयानं. अन् चुकीच्या जागी नेली."

मॅडमनं पेन काढला. मी मागून वाचलं. 'पेशंट पूर्ण शुद्धीवर. जावई खरा.' त्याखाली सही. बापू म्हणे, "अजून एक ओळ राह्यली." मग त्यांनी लिहिलं, 'दारूचा इतिहास नाही.' बापूनं ते चष्मा लावून तीनदा वाचलं.

लिव्हर दगडच राहणार, हे मॅडमनं मले बाजूला घेऊन सांगितलं. जंतू परत येऊ शकतात. रोज एक गोळी, अळणी जेवण, ताप आला की त्याच दिवशी दवाखाना, दुसरीकडं कुठं नाही. 'दुसरीकडं कुठं नाही' हे त्यांनी दोनदा सांगितलं. उद्या आम्ही तांड्यावर येतो.

निघताना देवसिंगनं पिशवीतून वही काढली. त्याचं काम अजून बाकी होतं. "काका, ते लाल कार्डाचं रजिस्टर बंद कराचं हाय. काय लिहू? स्रोत बंद का चालू?"

बापूनं वही हातात घेतली, स्वतःचं नाव शोधलं अन् समोर स्वतःच्या हातानं लिहिलं. 'चालू.'

तुझी (हे मुद्दाम ठेवलं आहे)
पुष्पा